आखाताला निघालेल्या कारागिरांनो, आधी कागद पाहा

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत दुकानाच्या पायरीवर येऊन, "मामू, दुआ करा, उद्या निघतो," असे सांगून गेलेली मुले किती याची गणती नाही. कुणी शिलाई कारागीर, कुणी एसी दुरुस्त करणारा, कुणी वेल्डर, तर कुणी ड्रायव्हर. रोशन गेट, कटकट गेट, किराडपुरा, चेलीपुरा या आपल्या मोहल्ल्यांत असे घर क्वचितच सापडेल, ज्याच्या जवळच्या नात्यातले कुणी जेद्दा, रियाध, दुबई, दोहा किंवा कुवेतला नाही. कोकणातल्या बंधूंना परदेशाची वाट जुनीच होती. 1973 नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात इमारती आणि रस्ते उभे राहू लागले, तेव्हा आपल्या मराठवाड्यातले हातही तिकडे वळले.

या मुलांना निरोप देताना आम्ही हारफुले देतो, दुआ देतो, कधी वाटखर्चाला चार पैसेही देतो. पण ज्या गोष्टीची खरी गरज असते ती मात्र देत नाही. परक्या मुलखात पाय कसा टेकवायचा, कोणता कागद सांभाळायचा, कोणत्या गोष्टीपासून दूर राहायचे, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून आज धंद्याच्या या पानावर बाजारभावाऐवजी हाच विषय घेतला आहे. हाताचा हुन्नर हाही मालच आहे. तो विकायला निघालेल्याने व्यापाऱ्याइतकीच खबरदारी घ्यावयास हवी.

आमच्या घरातला अनुभव

आधी आमचीच चूक सांगतो. आमच्या बहिणीचा मुलगा एसीचे काम शिकला होता. हाताने चांगला, स्वभावाने भोळा. मुंबईच्या एका एजंटाने त्याला 'आझाद व्हिसा' देतो असे सांगितले. म्हणजे कुणा एका मालकाचे बंधन नाही, तिथे गेल्यावर मनाला येईल तिथे काम करा आणि मनाला येईल तितके कमवा. भाव ठरला 1 लाख 40 हजार रुपये. बहिणीने दागिने मोडले, उरलेली रक्कम आम्ही दिली. करारनामा पाहिला नाही, पावती मागितली नाही, एजंटाचा नोंदणी क्रमांकही विचारला नाही.

मुलगा उतरला तेव्हा त्याच्या हातात होता तो फक्त पर्यटनाचा व्हिसा. त्या व्हिसावर काम करणे गुन्हा. मुदत संपली तसा रोजचा दंड चढू लागला. एका खोलीत बारा माणसे, काम मिळाले तर मिळाले, मजुरी दिली तर दिली. मालकाने पैसे बुडवले तरी तक्रार कुठे करणार? तक्रार करायला गेला तर आधी हाच पकडला जाणार. सात महिन्यांनी तो परत आला तेव्हा अंगावरचे कपडे आणि डोक्यावरचे कर्ज एवढेच त्याच्याजवळ होते. एजंटाचा फोन तर कधीच बंद झाला होता.

सुरतेहून आलेल्या ताग्यात अर्धा मीटर कापड कमी निघाले तर आम्ही बिल काढून व्यापाऱ्याशी भांडतो. आणि घरचा मुलगा मात्र बिलावाचून, पावतीवाचून परक्याच्या हवाली केला. ही खंत आजही मनातून जात नाही. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असा हुकूम देणारी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, हे आपण मुलांना मकतबात शिकवतो. व्यवहाराची वेळ आली की आपणच ती विसरतो.

निघण्याआधी

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा की 'आझाद व्हिसा' नावाचा व्हिसा कुठल्याही देशाच्या कायद्यात नाही. ज्या मालकाच्या नावाने तुमचा व्हिसा आहे त्याच्याकडेच काम करता येते. दुसरीकडे काम करायचे तर रीतसर बदली करून घ्यावी लागते. कागदावर एक मालक आणि प्रत्यक्षात काम दुसऱ्याकडे, अशी स्थिती असेल तर तुम्ही बेकायदा आहात.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असा शेरा असतो. अशा माणसाला सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन वगैरे देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याने ही व्यवस्था केली. तिची सारी नोंद आता सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संगणकीय यंत्रणेत होते. काही एजंट ही परवानगी टाळण्यासाठीच माणसाला पर्यटनाच्या व्हिसावर पाठवतात. परवानगीचा व्याप वाचला असे त्या वेळी वाटते, पण परवानगीबरोबर तुमचे संरक्षणही गेलेले असते.

एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे ई-मायग्रेटवर कुणालाही पाहता येते. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे. आपल्या मोहल्ल्यात बसून मुंबईच्या एजंटासाठी पासपोर्ट गोळा करणारे जे मधले लोक असतात, त्यांची स्वतःची नोंदणी बहुधा नसते. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. लाख-दीड लाख मागणारा माणूस व्हिसाचा काळाबाजार करतो आहे असे समजा. सौदी आणि अमिरातीच्या कायद्यात तर कामगार आणण्याचा खर्च मालकानेच करायचा असे स्पष्ट म्हटले आहे.

ईसीआर पासपोर्टवर नोकरीसाठी जाणाऱ्यांना 'प्रवासी भारतीय विमा योजना' सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375 रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. एका जेवणाच्या खर्चात होणारे हे काम आहे, तरीही कित्येकांच्या घरी विम्याचा कागदच नसतो. तो कागद आपल्याबरोबर नेऊ नका, घरी ठेवा. गरज पडलीच तर ती घरच्यांना पडणार आहे.

सौदी अरबस्तानने इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी कारागीर अशा काही कामांसाठी जाण्याआधी हुन्नराची परीक्षा ठेवली आहे. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या आपल्या मुलांना काम येते, पण कामाचे नाव कागदावर सांगता येत नाही. त्यांनी आयटीआयचा एखादा छोटा कोर्स करून घ्यावा. व्हिसावर 'मजूर' लिहिलेला आणि 'इलेक्ट्रिशियन' लिहिलेला यांच्या पगारात मोठा फरक पडतो.

करारनामा आणि मूळ पगार

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. अरबी लिपी आम्ही लहानपणापासून वाचतो. पण वाचणे वेगळे आणि समजणे वेगळे. अरबी अक्षरे दिसली की आपल्या मनात आदर उत्पन्न होतो आणि आपण सही करून मोकळे होतो. बंधूंनो, करारनामा हा व्यवहाराचा कागद आहे. तिथल्या न्यायालयात अरबी मजकूरच ग्राह्य धरला जातो. तेव्हा त्यातले प्रत्येक कलम समजल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका. अमिरातीत 2016 पासून नोकरीचा प्रस्ताव अरबी, इंग्रजी आणि कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेत देण्याची पद्धत आहे. त्या भाषांत उर्दू आणि हिंदी दोन्ही आहेत. उर्दूतली प्रत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

करारात पाहायच्या गोष्टी अशा : कामाचे नाव, मालकाचे नाव, मूळ पगार, राहणे-जेवणाची सोय कुणाची, कामाचे तास, जादा कामाची मजुरी, सुटी, येण्याजाण्याचे तिकीट आणि कराराची मुदत. यात मूळ पगाराकडे आपले लोक लक्ष देत नाहीत. एकूण रक्कम पाहून खूश होतात. एक हिशेब देतो. अमिरातीत एक वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला नोकरी सुटताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार मिळतो. दोन कामगारांना एकूण 1,500 दिरहम मिळतात असे धरू. एकाचा मूळ पगार 1,200 आहे, दुसऱ्याचा 800. पहिल्याला दर वर्षामागे 840 दिरहम मिळतील, दुसऱ्याला 560. पाच वर्षांत 1,400 दिरहमचा फरक पडला, आणि तो पडला सही करण्याच्या दिवशी. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार असा नियम आहे. मात्र तिथे स्वतः राजीनामा देणाऱ्याला दोन वर्षांच्या आत काहीच मिळत नाही आणि त्यानंतरही काही वर्षे कमी मिळते. म्हणून रागाच्या भरात नोकरी सोडू नका. आधी तारीख मोजा.

सामानाची पेटी

आईच्या हातचा मसाला कुणाला नको असतो? नान-खलियाची चव जिभेवर घेऊनच औरंगाबादचा माणूस बाहेर पडतो. पण मसाल्यात खसखस असेल तर तो मसाला घरीच ठेवा. आपल्याकडे खसखस वाण्याकडे मिळते, सौदी आणि अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. पान, गुटखा, तंबाखूच्या पुड्या यांचाही मोह नको. अंगदुखीच्या काही गोळ्या आणि खोकल्याची काही औषधे तिथे निर्बंधित आहेत. डॉक्टरची चिठ्ठी बरोबर असल्याशिवाय औषध नेऊ नका, आणि ते औषध तिथे चालते का हे आधी विचारून घ्या.

दुसऱ्याचे पाकीट, पिशवी, डबा कधीही घेऊ नका, मग देणारा सख्खा नातेवाईक का असेना. 2019 मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला कतारच्या विमानतळावर पकडले. नात्यातल्या बाईने दिलेल्या पाकिटात चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली. ती दोघे निर्दोष ठरून सुटली तेव्हा 2021 साल उजाडले होते. मुरव्वत म्हणून घेतलेल्या एका पाकिटाने दोन वर्षे खाल्ली. "माफ करा, परवानगी नाही," एवढे वाक्य पाठ करून ठेवा.

पहिले तीन महिने

परदेशात जम बसतो की मोडतो, हे बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत ठरते. विमानतळावरून खोलीवर पोहोचलात की घरी फोन करा आणि राहण्याची जागा, कंपनीचे नाव, साहेबाचा नंबर लिहून घ्यायला सांगा. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, अमिरातीची दीड तास मागे, हेही घरच्यांना सांगून ठेवा. म्हणजे रात्री उशिरापर्यंत ते काळजी करीत बसणार नाहीत.

मग राहण्याचा परवाना. सौदीत त्याला इकामा म्हणतात, अमिरातीत एमिरेट्स आयडी, कुवेतमध्ये सिव्हिल आयडी. नावे वेगळी, पण ते कार्ड म्हणजे तिथली तुमची ओळख. ते नसेल तर बँक नाही, दवाखाना नाही, तक्रारही नाही. सौदीत आल्यापासून 90 दिवसांत मालकाने इकामा काढून द्यायचा असतो आणि त्याची फी मालकाने भरायची असते. तारीख वहीत लिहून ठेवा. दोन महिने झाले तरी हालचाल नसेल तर विचारा, आणि तोंडी विचारू नका, मोबाइलवर लिहून विचारा. लिहिलेले पुरावा म्हणून राहते.

पासपोर्ट तुमच्याजवळ राहिला पाहिजे. मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणे तिथल्या कायद्यालाही मान्य नाही. तरी अनेक ठिकाणी घेतात, हेही आम्हांस ठाऊक आहे. नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी भांडण काढावे असे आम्ही म्हणणार नाही. पण पासपोर्ट, व्हिसा, करारनामा यांचे फोटो तीन ठिकाणी ठेवा : आपल्या मोबाइलमध्ये, घरी, आणि एखाद्या भरवशाच्या दोस्ताकडे.

पगार बँकेतूनच घ्या. अमिरातीने 2009 मध्ये पगार बँकेमार्फत देण्याची व्यवस्था सुरू केली, नंतर इतर देशांनीही तशी व्यवस्था आणली. रोख पगार घेणाऱ्याकडे पुरावा राहत नाही. एक साधी वही करा. रोज किती वाजता कामाला लागलो, किती वाजता सुटलो, जादा काम किती, एवढे लिहा. आमच्या रोकड वहीने आम्हाला अनेक वादांतून सोडवले आहे. तुम्हालाही ती सोडवील.

मालकाशी वाद झाला तर काम सोडून पळून जाऊ नका. सौदीत मालकाने 'हुरूब', म्हणजे कामगार पळाला अशी नोंद केली की कायदेशीर माणूस बेकायदा ठरू शकतो. 2021 पासून सौदीत बऱ्याच कामगारांना एक वर्ष पूर्ण केल्यावर जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे बदली मागता येते. घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर यांना मात्र त्या सुधारणेत घेतलेले नव्हते. कतारनेही 2020 मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. रस्ता आहे, पण तो कामगार कार्यालयातून जातो. भारताची रियाध आणि अबुधाबीत दूतावास कार्यालये आहेत, जेद्दा आणि दुबईत वाणिज्य दूतावास आहेत. रियाध, जेद्दा आणि दुबईत सरकारची प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्रेही आहेत. तिथे हिंदीत बोलता येते. जायला लाजू नका.

मुसलमान मुलूख, पण कायदा त्यांचा

आपल्या मुलांचा एक गैरसमज आम्ही वारंवार पाहिला आहे. तिथे पाच वेळा अजान ऐकू येते, मशिदी भरलेल्या असतात, उमऱ्याची संधी मिळते, म्हणून आपण आपल्याच लोकांत आलो असे वाटते. इबादतीच्या बाबतीत ते खरे आहे, दिलाला समाधानही मिळते. पण नोकरी, राहणे, पोलीस, न्यायालय या बाबतीत तुम्ही तिथे परदेशी कामगार आहात. धर्म एक म्हणून कायदा सवलत देत नाही.

याचे एक उदाहरण म्हणजे चंदा. गावातली मशीद, मदरसा, एखाद्या गरीब मुलीचे लग्न, यासाठी खोलीतल्या चार माणसांकडून पैसे गोळा करणे आपल्याला पुण्याचे काम वाटते. अमिरातीत परवानगीशिवाय असा निधी गोळा करणे गुन्हा आहे, मोबाइलवरून आवाहन करणेसुद्धा. मदत करायची असेल तर आपल्या कमाईतून आपल्या घरच्यांमार्फत करा. तसेच कुणाचा, विशेषतः बायकांचा, फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि तिथल्या किंवा इथल्या राजकारणावर मोबाइलवर वाद घालू नका. लिहिलेला एक शब्द नोकरी घालवू शकतो.

सुटीचे दिवसही समजून घ्या. सौदीत शुक्रवार-शनिवार सुटी असते. अमिरातीत 2022 पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असते.

जिवाची काळजी

मराठवाड्याचे ऊन सोसलेला माणूस म्हणतो, "आम्हाला उन्हाचे काय?" पण तिथले ऊन वेगळे आणि समुद्रकाठची दमट हवा त्याहून वेगळी. सौदी आणि अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे. सौदीत 12 ते 3, अमिरातीत साडेबारा ते 3. हा नियम तुमच्या जिवासाठी आहे. जादा मजुरीच्या लोभाने तो मोडू नका. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या.

खोली पाहताना दरवाजे पाहा. 12 जून 2024 रोजी कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि 40 पेक्षा जास्त भारतीय मरण पावले. ते सारे दिवसभर राबून झोपलेले लोक होते. खोलीत आपणच एका तारेवर चार शेगड्या लावतो, जिन्यात सामान रचतो. राहायला गेल्या दिवशी बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता कुठे आहे हे पाहून ठेवा.

पैसा आणि मागे राहिलेले घर

परदेशी गेलेल्याने आपले इथले साधे बचत खाते 'एनआरओ' करून घ्यावयाचे असते आणि तिकडची कमाई 'एनआरई' खात्यात पाठवावयाची असते. एनआरई खात्यावरच्या व्याजाला इथे आयकर लागत नाही. ज्याला व्याजच नको आहे, त्यालाही हे खाते उपयोगी, कारण पैसा कुठून आला याचा तो पक्का पुरावा असतो. उद्या घर घेताना, दुकान घालताना हा पुरावा मागितला जातो. हुंडीवाला दोन पैसे जास्त भाव देतो आणि घरपोच रक्कम देतो, हे खरे. पण तो व्यवहार बेकायदा आहे, पावती नाही, आणि पैसे बुडाले तर दाद नाही.

कमाई तिथे साठवू नका, दरमहा घरी पाठवा. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. वर्षानुवर्षांची कमाई मागे टाकून लोक आले. 2020 च्या महामारीतही अचानक नोकऱ्या गेल्या. परदेशाची भाकरी कधी सुटेल याचा नेम नसतो.

घरी बायकोच्या किंवा आईच्या नावाने खाते असू द्या आणि ते तिला स्वतः चालवता येऊ द्या. पैसे भावाच्या खात्यात आणि बायकोने दर वेळी हात पसरायचा, यातून कित्येक घरांत कलह झालेले आम्ही पाहिले आहेत. जमीन, घरपट्टी, न्यायालयाचे काम असेल तर ठरावीक कामापुरताच मुखत्यारनामा करून द्या, सरसकट नको. आणि दरमहा आलेल्या पैशाचे तीन भाग करा : घरखर्च, कर्जफेड, परत आल्यावरच्या धंद्याचे भांडवल. तिसरा भाग कितीही लहान असो, वगळू नका.

दुसरे लोक काय करतात

तिकडून आलेली मुले सांगतात की फिलिपिन्सचे कामगार आपल्यापेक्षा नीट बसतात. तेही घर सोडून आलेले, तेही गरीब. फरक तयारीचा आहे. त्या देशात बाहेर जाणाऱ्या कामगाराला निघण्याआधी मार्गदर्शनाच्या वर्गाला बसावेच लागते, आणि 2021 च्या कायद्याने तिथे परदेशी कामगारांसाठी वेगळे मंत्रालयच निर्माण झाले. आपल्या देशात केरळने 1996 मध्येच अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते सुरू केले. केंद्र सरकारनेही 2018 पासून निघण्याआधीचे एक दिवसाचे प्रशिक्षण सुरू केले आहे. नोंदणीकृत एजंटाला त्याबद्दल विचारा आणि त्या वर्गाला जाऊन बसा. एक दिवसाची मजुरी बुडेल, दोन वर्षांचा फायदा होईल.

व्यापारी बंधूंना विनंती

आता दोन शब्द आमच्यासारख्या दुकानदारांना. मुलगा परदेशी निघाला की उधारी आपल्याकडूनच घेतली जाते. कपडे, पेटी, तिकीट, एजंटाची रक्कम. आपण नात्याला भुलून पैसे देतो. यापुढे पैसे देण्याआधी तीन कागद पाहायला मागा : नोकरीचा व्हिसा, करारनामा आणि एजंटाची पावती. तिन्ही असतील तर मोकळ्या हाताने मदत करा. एकही नसेल तर पैसे देणे ही मदत नव्हे, त्या मुलाला खड्ड्यात ढकलणे आहे. आमचे पैसे बुडाले त्याचे दुःख नाही. बहिणीच्या बांगड्या गेल्या आणि मुलाचा आत्मविश्वास गेला, त्याचे आहे.

प्रत्येक मोहल्ल्यात पाच-दहा वर्षे आखातात राहून आलेले दोन-चार लोक असतात. त्यांना जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास बसवा. निघणाऱ्या मुलांचे कागद त्यांनी पाहावेत, चार गोष्टी सांगाव्यात. याला संस्था लागत नाही, चंदा लागत नाही. एक चटई आणि चहा पुरेसा आहे.

आमच्या शहराचे हिमरू विणणारे पूर्वज चौदाव्या शतकात तुघलकाबरोबर उत्तरेतून दौलताबादला आले, असे सांगतात. परक्या मुलखात आले, हुन्नरावर जगले आणि इथलेच झाले. आजची वाट वेगळी आहे. आखातात कितीही वर्षे काढली तरी बहुतेकांना एक दिवस परत यायचेच आहे. म्हणून जाताना परतण्याचाही हिशेब मांडून जा.

आमचा भाचा पुढे आयटीआयमध्ये शिकला. दोन वर्षांपूर्वी तो पुन्हा निघाला, या वेळी नोकरीच्या व्हिसावर. जाण्याआधी करारनामा घेऊन दुकानात आला आणि गादीवर बसून त्याने एकेक कलम आम्हाला वाचून दाखवले. एका कलमात तिकीट कुणी द्यायचे ते लिहिले नव्हते. त्याने ते लिहून घेतले आणि मगच सही केली.